खर्जाचा सूर

धर्मगुरूच्या दारी माणसे नाना प्रश्न घेऊन येतात. कुणाला मुलीच्या लग्नाची तारीख हवी असते, कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला, तर कुणाला भाऊबंदकीच्या वादात मध्यस्थ. २०२४ च्या पावसाळ्यात मात्र मला जो प्रश्न विचारण्यात आला, तसा प्रश्न माझ्या याजकीय जीवनात पूर्वी कधी कोणी विचारला नव्हता. आमच्या धर्मग्रामातील वयोवृद्ध गायनमास्तरांच्या मुलाचा कॅनडाहून दूरध्वनी आला.

“फादर, पप्पांसाठी चांगले स्पीकर घ्यायचेत. पेटीला भोक असलेले घेऊ की बंद पेटीचे? खालचा आवाज नीट ऐकू यायला हवा. तुम्हाला त्यातलं कळतं म्हणतात.”

‘कळतं’ हे थोडे अतिशयोक्तीचेच. गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकत असताना सभागृहाची ध्वनियंत्रणा सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. थोमस अक्विनासच्या ग्रंथाशेजारी माझ्या मेजावर झाळणकामाची सळई पडलेली असे आणि त्याबद्दल मी गुरुजनांची बोलणीही खाल्ली आहेत. ती हौस पुढे सुटली नाही. माझ्या खोलीत आजही पुस्तकांच्या फडताळावर दोन स्पीकर आहेत. दिवसभराच्या धावपळीनंतर रात्रीच्या प्रार्थनेपूर्वी अर्धा तास संगीत ऐकणे, एवढीच काय ती माझी चैन.

मास्तरांना स्पीकर कशासाठी हवे होते, हे आधी सांगावयास हवे. १९८६ च्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साला त्यांच्या गायनमंडळाने चार आवाजांत गीते गायिली होती. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास. कुणीतरी उसना आणलेला उत्तम मायक्रोफोन माडीच्या कठड्याला बांधून त्या रात्रीची कॅसेट केली. ती कॅसेट मास्तरांनी जपून ठेवली होती. मुलाने ती संगणकावर उतरवून घेतली होती. पण मास्तर ती ज्या छोट्या यंत्रावर ऐकत, त्यात तळहाताएवढा स्पीकर. तसल्या स्पीकरातून खर्जाचे स्वर बाहेरच पडत नाहीत. शिवाय वय त्र्याऐंशी. वार्धक्यात कानांचे आधी हरपते ते वरच्या पट्टीचे. पक्ष्यांची किलबिल, शब्दांतील ‘स’ आणि ‘श’ पुसट होत जातात. खालचे स्वर बहुधा शेवटपर्यंत सोबत करतात. मास्तर मला म्हणाले, “फादर, वरचं आता मला ऐकू येत नाही, आणि ते मला पाठ आहे. मला खालचा आवाज ऐकायचाय.”

कुणाचा, ते त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही, कारण मला ते ठाऊक होते. त्या मंडळात बास गाणारे तिघेच होते आणि त्यांतला मुख्य आवाज मास्तरांच्या धाकट्या भावाचा होता.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते. त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढे उंचवटा, मागे खळगा. खर्जाच्या लहरी लांबलचक असतात. सेकंदाला ४० कंपनांचा स्वर घेतला तर त्याची एक लहर साडेआठ मीटरांहून लांब भरते. असल्या लहरीला पडद्याच्या कडेवरून वळसा घालून मागे जाणे मुळीच कठीण नसते. म्हणून उघड्यावर ठेवलेल्या स्पीकरचा मागचा खळगा पुढच्या उंचवट्याला गिळून टाकतो आणि खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. स्पीकरला पेटी लागते ती यासाठी, शोभेसाठी नव्हे. मागच्या आवाजाचे करायचे काय, हा खरा प्रश्न आहे आणि त्याला प्रामुख्याने दोन उत्तरे देण्यात आली आहेत.

पहिले उत्तर असे, की मागचा आवाज पेटीत कायमचा कोंडून टाकावा. पेटी पूर्ण बंद. आतली हवा मग स्प्रिंगसारखे काम करते. पडद्याला ती आवरते आणि जागेवर परत आणते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ साली हेन्री क्लॉस यांच्यासह कंपनी काढून या तत्त्वावरचा छोटा स्पीकर बाजारात आणला. पडद्याची स्वतःची पकड मुद्दाम सैल ठेवायची आणि त्याला आवरण्याचे काम पेटीतल्या हवेवर सोपवायचे, ही त्यांची युक्ती. हवेची स्प्रिंग कापड-रबराच्या पकडीपेक्षा अधिक एकसारखी वागते, हे त्यांनी हेरले होते.

दुसरे उत्तर अधिक चतुर आहे. पेटीला एक नळी बसवायची. नळीतली हवा म्हणजे एक वजन, पेटीतली हवा म्हणजे स्प्रिंग; दोन्ही मिळून एका ठराविक स्वराला झुलू लागतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जो ‘हूं’ निघतो तोच हा प्रकार. त्या स्वराच्या आसपास नळीतून बाहेर येणारा मागचा आवाज उलटून पुढच्याच्या तालात येतो व त्याला साथ देतो. जो शत्रू होता तो मित्र होतो. बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांनी या रचनेसाठी १९३० साली अर्ज केला आणि १९३२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. पुढे कित्येक वर्षे नळीची मापे बहुतांशी अंदाजानेच ठरत. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याचे नेमके गणित मांडले. आज घरासाठी विकले जाणारे बहुतेक स्पीकर नळीचेच असतात.

आपल्या वाचकांना याहून सोपे उदाहरण घरचेच देता येईल. तबल्याचा डग्गा पाहा: वर कातडे, खाली तळ बंद. ती बंद पेटी. आणि घुमट? गोव्यात मांडोला जे साथ करते आणि आपल्याकडे लग्नाच्या गाण्यांना ज्याचा ठेका जुन्या माणसांना अजून आठवतो, ते मातीचे घुमट दोन तोंडांचे असते. मोठ्या तोंडावर कातडे. पूर्वी ते घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते निषिद्ध झाले आणि आता बकरीचे वापरतात. धाकटे तोंड मात्र उघडे. वादक त्यावर तळवा ठेवून, उचलून आवाज घडवतो. गोवा शासनाने २०१९ मध्ये ज्याला वारसावाद्याचा मान दिला, ते हे वाद्य म्हणजे नळीच्या स्पीकरचा थोरला भाऊच म्हणावयाचा. कुंभाराच्या चाकाने जे साधले, ते थुरास यांनी लाकडात साधले.

मग चांगले कोणते? दोघांचेही हिशेब आहेत. नळीची पेटी त्याच शक्तीत अधिक खर्ज देते आणि अधिक खोलवर पोहोचते. परंतु ज्या स्वराला ती जुळवलेली असते त्याच्या खाली ती एकदम कोसळते. सप्तकामागे २४ डेसिबलचा उतार, आणि तिथे पडद्याला आवरणारे कोणी उरत नाही. बंद पेटी आधीच उतरू लागते, पण सप्तकामागे १२ डेसिबल अशा सौम्य उताराने. आणि लहान खोलीच्या भिंती खालच्या स्वरांना जो आधार देतात तो या उतारात बराचसा भरून निघतो. नळीतली हवा झुलायला क्षणभर लागतो, थांबायलाही क्षणभर लागतो. बंद पेटी पटकन सुरू होते, पटकन थांबते. जोझेफ हॉफमन या अभियंत्याच्या नावाने एक कठोर नियम सांगितला जातो: छोटी पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, या तिहींपैकी दोनच मिळतात. तिसऱ्यावर पाणी सोडावे लागते.

एवढे सारे ठाऊक असूनही मी मास्तरांसाठी नळीचे स्पीकर निवडले. मुंबईला जाऊन एका दुकानात दोन्ही ऐकले. नळीच्या जोडीने छातीवर थाप मारावी तसा खर्ज दिला. शेजारची बंद पेटी तिच्यापुढे केविलवाणी वाटली. म्हाताऱ्या माणसाला मोठे, भरदार काहीतरी द्यावे, मुलालाही पैशाचे चीज झाल्यासारखे वाटेल, असा विचार मी केला. माझ्या स्वतःच्या खोलीत बंद पेटीचे स्पीकर आहेत, ही गोष्ट त्या क्षणी माझ्या मनात आली नाही. नंतर मात्र ती पुष्कळ दिवस टोचत राहिली.

मास्तरांची खोली साडेतीन मीटर लांब असेल. एका भिंतीला पलंग, दुसऱ्या भिंतीच्या दोन कोपऱ्यांत मी स्पीकर मांडले, कारण तेवढीच जागा होती. गीत सुरू झाले. पहिल्या ओळी बऱ्या गेल्या. मग ऑर्गनचा खालचा ‘जी’ आला आणि खोली गरजली. स्वयंपाकघरातील मांडणीवरची भांडी खणखणू लागली. सूनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “फादर, भूकंप झाला की काय मला वाटलं!” त्या हसल्या, मास्तर हसले नाहीत. त्यांनी तीच ओळ तीनदा लावायला सांगितली आणि म्हणाले, “पेटी एकाच सुरावर दांडगाई करतेय. माणूस त्याखाली गाडला गेलाय.”

घरी येऊन मी हिशेब केला, तेव्हा माझी चूक लख्ख दिसली. त्या ‘जी’ची कंपने सेकंदाला ४९. स्पीकरची नळी जुळवलेली होती सुमारे ५० ला. आणि साडेतीन मीटरांच्या खोलीच्या दोन भिंतींमध्ये जो स्वर उभा राहून घुमतो तोही ५० च्या जवळपासचा. त्यात कोपरा, कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर खोलीचे हे घुमणे जास्तीत जास्त चेतवतो. त्यात पलंग समोरच्या भिंतीला लागून. घुमणारा स्वर भिंतीशीच सर्वांत मोठा ऐकू येतो. तीन-चार गोष्टी एका सुरावर येऊन मिळाल्या होत्या. खालचा मोठा आवाज त्याच्या वरच्या आवाजांना झाकून टाकतो, हा कानाचा धर्म आहे. धाकट्याचा आवाज नेमका त्याच्या वरच्या सप्तकात होता.

दुसऱ्या दिवशी मी स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे आणले. नळ्यांत मोज्यांच्या गुंडाळ्या कोंबल्या. ही युक्ती गमतीची वाटेल, पण काही कंपन्या यासाठी स्पंजचे बूच देतात. पलंग भिंतीपासून सरकवला. गर्जना निम्म्याने शमली. मास्तर म्हणाले, “आता बरं आहे.” बरं आहे, हे आपण आजाऱ्याला बघायला आलेल्या पाहुण्याला सांगतो.

त्या रात्री माझ्या खोलीत मी नेहमीप्रमाणे संगीत लावले आणि मला ते ऐकवेना. स्वतःसाठी मी खरे ते निवडले होते, आणि दुसऱ्यासाठी निवडताना मोठे ते निवडले. आपण धर्मगुरू प्रवचनांतही हे करीत असतो की काय, असा विचार मनात येऊन गेला. सकाळची मिस्सा आटोपल्यावर मी माझी जोडी फडताळावरून उतरवली, चादरीत गुंडाळली आणि मास्तरांकडे नेली.

बंद पेट्या आकाराने लहानच. असल्या लहान बंद पेट्यांना कमी लेखू नये; बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीतील अरुंद जागेसाठी अवघ्या ५ लिटरांच्या आसपासची बंद पेटी घडवली आणि आवाज पारखण्यासाठी तिच्यावर विसंबून राहिली. माझ्या पेट्यांनी ऑर्गनचा तो ‘जी’ वाजवला, पण हलक्या हाताने. तो तळाशी अंथरलेल्या चटईसारखा राहिला. आणि त्याच्यावर, १९८६ सालच्या त्या माडीवरून, एक माणूस गाऊ लागला. एकेक सूर वेगळा, सुरू झालेला कळावा आणि संपलेलाही कळावा. मास्तरांचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर त्यांनी एकदम हात वर केला.

“ऐकलंत? श्वास घेतला त्याने. तिथे श्वास घ्यायचा नाही म्हणून शंभरदा सांगितलं होतं. कधी ऐकलं नाही!”

आणि मग ते रडू लागले.

दोघा भावांमध्ये अबोला होता, तो वडिलोपार्जित वाडीतल्या विहिरीवरून. पंपाची पाळी, वाटेची हद्द. वसईच्या वाचकांना अधिक सांगण्याची गरज नाही. दोन घरांमध्ये एक भिंत उभी राहिली आणि अकरा वर्षे कोणी कोणाच्या उंबऱ्यात पाऊल ठेवले नाही. दोघेही दर रविवारी मिस्साला येत. एक उजव्या बाजूला बसे, दुसरा डाव्या. वेदीपाशी आपले दान आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा, हा प्रभूचा उपदेश मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे. मी त्यावर त्या दोघांच्या देखत प्रवचन केले आहे. दोघांनीही ते शांतपणे ऐकले.

२०२३ च्या प्रायश्चित्तकाळात मी ठरवले होते, की ईस्टर झाला की दोघांना एकत्र बोलवायचे. त्या दिवसांत क्रुसाच्या वाटेची भक्ती, घरभेटी, पवित्र आठवड्याची तयारी यांची धांदल असते. ईस्टरनंतर निवांतपणे बोलता येईल असे मला वाटले. मार्च महिन्यात धाकटा गेला. दफनविधीच्या वेळी मास्तर दफनभूमीच्या फाटकाबाहेर छत्री टेकून उभे होते. मी त्यांना आत बोलावू शकलो असतो. पण हाती विधीचा ग्रंथ होता आणि समोर लोक होते. मी विधी पुढे चालू ठेवला. मास्तरांच्या खोलीत त्या दिवशी त्यांच्याबरोबर माझ्याही मनात काय दाटून आले, ते वाचकांना उमगेल.

थोड्या वेळाने मास्तरांनी विचारले, “फादर, ते मोठे स्पीकर आता तुम्ही नेणार?”

मी म्हणालो, “ते तुमचेच आहेत मास्तर. हे माझे इथे राहू देत.”

“मग ते पलीकडे न्या,” ते म्हणाले. पलीकडे म्हणजे भिंतीपलीकडे. “तिचा ओटा मोठा आहे. तिथे ते घुमणार नाहीत, होय ना?”

प्रश्न यंत्राचा होता आणि मास्तरांचे म्हणणे बरोबर होते. धाकट्याच्या घराची ओटी लांबरुंद, दोन्ही बाजूंना दारे, वर कौलांपर्यंत उंची. तसल्या मोकळ्या जागेत लहान बंद पेटीचा खर्ज पातळ पडला असता. तिथे नळीची पेटीच हवी. दारे उघडी असली की घुमणारा स्वर अंगणात निघून जातो. मुलाला मी दूरध्वनीवरून विचारले. तो काही क्षण बोललाच नाही, मग म्हणाला, “काकींकडे? पप्पा म्हणाले असं? न्या फादर, आजच न्या.”

तर या निमित्ताने माझ्या वाचकांना माझे चार शब्द. खोली लहान असेल, भिंती जवळ असतील, गायन व शब्द महत्त्वाचे असतील तर बंद पेटी पाहावी. दालन मोठे असेल, शक्ती बेताची असेल आणि भरदार आवाज हवा असेल तर नळीची. नळी मागच्या बाजूला असेल तर भिंतीपासून तिला मोकळी जागा द्यावी. कोपरे टाळावेत. दुकानात छातीवर थाप बसली म्हणून भुलू नये. खर्जातील एकेक सूर वेगळा ओळखता येतो की सारे एकाच सुरात बोलतात, एवढे ऐकावे. शक्य असल्यास ज्या खोलीत वाजायचे त्याच खोलीत आधी ऐकावे. आणि ज्याच्यासाठी घ्यायचे त्याला काय ऐकायचे आहे, ते त्याला विचारावे. मी विचारले नव्हते.

नोव्हेंबरच्या २ तारखेला, मृत श्रद्धावंतांच्या स्मरणदिनी, कबरींना आशीर्वाद देऊन झाल्यावर मास्तर माझा हात धरून भावाच्या ओटीवर आले. अकरा वर्षे आणि वर दीड वर्ष, एवढ्या काळानंतर. धाकट्याच्या पत्नीने खुर्ची पुढे केली. कोणी काही बोलले नाही. मी गीत लावले. ऑर्गन, मग चार आवाज. नळ्यांतले मोजे मी काढले होते. ओटी भरून गेली, पण गरजली नाही. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर मास्तरांनी तिच्याकडे पाहिले. तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली,

“हे नेहमी तिथेच श्वास घ्यायचे, भाऊजी.”